'फुकट' तिकीट म्हणे!
अरे बापा, विमान कंपनी प्रवासावर जे गुण देते, त्या माइल्सच्या तिकिटाला फुकट काहून म्हणता? नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबईला निघा, माइल्समधून बहुतेकदा मूळ भाडं तेवढं जातं. कर आणि विमानतळाचं शुल्क खिशातूनच. दिवाळीत तर जागाच दिसत नाही. नाव माइल्स, पण मोजणी आता बहुतेक ठिकाणी अंतरावर नाही, खर्चलेल्या रुपयांवर! त्यातही स्वस्तातल्या भाड्याला कमी, कधी शून्य. रुपयामागे किती मिळणार, ते बऱ्याचदा ठरतं तिकिटावरच्या बुकिंग क्लासच्या, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणाऱ्या, एका अक्षरावर. पैसे घेण्याआधी हे ठळक सांगायला कंपनीचं काय जातं? आडनावाचं स्पेलिंग जुळलं नाही, की जमाच नाही. मग तिकीट क्रमांक, बोर्डिंग पास शोधा. तो कधीच कचऱ्यात गेलेला. आणि खातं ठरलेल्या मुदतीत हललं नाही, की बऱ्याच ठिकाणी सगळंच रद्द. पैसे आमचे, मुदत तुमची काहून?