लक्षणं किती वेळात दिसतात?

मला शाकाहार झालेला आहे, हे निदान गेल्या शनिवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास ऑर्लँडोत झालं. आमच्या ह्यांनाही झालाय. त्यांचा जरा जास्तच बळावलेला आहे.

आम्ही सोलापूरचे. लेक-जावई अटलांटाला. पूर्वी मुलं आईबापांना काशीला धाडायची, आमच्या लेकीनं फ्लोरिडातल्या थीम पार्कला धाडलं. तीन दिवस, हॉटेलसकट. ऐन सुट्टीत त्या दोघांचं ऑफिसात काहीतरी निघालं, म्हणून आम्ही दोघंच. पार्कचं नाव सांगत नाही. पैसे लेकीनं भरलेत, आणि आम्हाला अजून दीड महिना तिच्याच घरी काढायचाय.

निघायच्या आदल्या रात्री मी दुधात कणीक भिजवून दशम्या करायला घेतल्या, तर ती म्हणाली, "आई, तिथे सगळं मिळतं गं. एसटीनं अक्कलकोटला चाललीयेस का?" दशम्या राहिल्या. शेंगाचटणीची पुडी तेवढी मी तिच्या नकळत पर्समध्ये सारली.

यंदा, म्हणजे 2025 साली, कांदेनवमी आणि अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी आले, 4 जुलैला. आम्ही चातुर्मास पाळत नाही, पण कांदेनवमी चुकवत नाही. घरी असतो तर कांदाभजी, झुणका, भरले कांदे असा बेत असता. इथे पाटीवर 'अनियन रिंग्ज' दिसल्या आणि ह्यांना गहिवरून आलं. अर्ध्या खाऊन झाल्यावर मी पाटीवरचं बारीक अक्षर वाचलं. पीठ बिअरमध्ये भिजवलेलं होतं. साठ वर्षं निर्व्यसनी राहिलेला माणूस कांदेनवमीला दारूत बुडवलेला कांदा खाऊन बसला. "मग हे राहिलेलं टाकून द्यायचं का?" त्यांनी विचारलं, आणि टाकलं नाही.

संध्याकाळी भाज्यांचा राइस बाउल घेतला. काउंटरवरच्या मुलीला तीनदा विचारलं. मांस नाही ना? नाही. मासे नाहीत ना? नाही. खाऊन झाल्यावर ह्यांना विचारायची बुद्धी झाली की भाताला चव कशाची आहे. ती हसून म्हणाली, "आम्ही तो चिकन स्टॉकमध्ये शिजवतो." म्हणजे कोंबडी नाही, कोंबडीचं पाणी. तिचं काही चुकलं नव्हतं. पाण्याबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं.

तिथून ह्यांचा अभ्यास सुरू झाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं हे शोधण्यात हयात गेलेली. राइडच्या रांगेत उभे राहून ते फोनवरून मला वाचून दाखवायला लागले. मार्शमॅलोत जिलेटिन असतं, ते हाडं-कातडी उकळून काढतात. सीझर सॅलडवर जे पांढरं घालतात त्यात बारके मासे वाटलेले असतात. मॅकडोनाल्ड्सनं अमेरिकेत गोमांसाच्या चरबीत बटाटे तळणं 1990 साली थांबवलं, पण चवीसाठी गोमांसाचा अर्क ठेवलाच. मग हिंदूंनी आणि शाकाहारी लोकांनी दावे लावले, आणि 2002 मध्ये 1 कोटी डॉलरवर तडजोड झाली. "म्हणजे बघ," हे म्हणाले, "आपल्या आधी कितीजण फसलेत." मला त्यात दिलासा कुठला ते कळलं नाही.

पुढे उभ्या माणसाच्या हातात टर्कीची तंगडी होती, भीमाच्या गदेएवढी. त्याच्या खांद्यावर बसलेल्या मुलीच्या डोक्यावर बदकाची टोपी. बाप तंगडी तोडतोय, तिचे थेंब टोपीवर पडताहेत. या पार्कात मला एक गोष्ट शेवटपर्यंत समजली नाही. जिकडे बघावं तिकडे बोलणारे, नाचणारे, डोळे मिचकावणारे प्राणी. डुकराला मिठी मारायला लोक चाळीस मिनिटं रांगेत, फोटो काढून झाला की समोरच्या गाडीवर तोच पावात. आणि विचित्र कोण, तर आम्ही.

नाही म्हणायला एके ठिकाणी 'वनस्पतींचा बर्गर' होता. मोठ्या आशेनं घेतला. चावला तर आतून लाल. हल्ली सोयाबीनच्या मुळात सापडतं तसलं काहीतरी यीस्टकडून तयार करून त्यात घालतात, म्हणजे रक्तासारखा रंग येतो आणि मांसासारखी चव. एवढे शास्त्रज्ञ, एवढा पैसा, आणि अखेर काय केलं, तर आम्ही जन्मभर जे टाळलं ते हुबेहूब बनवून आमच्याच पानात वाढलं. त्यापेक्षा एक बटाट्याची भाजी शिकले असते.

तर शनिवार. रात्री लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, व्हेजिटेरियन म्हणून सांगू नका, तो इथे आवडीचा प्रश्न असतो. ॲलर्जी आहे म्हणा, मग धावपळ करतात." माझं मत याच्या विरुद्ध होतं. पण दोन दिवस फ्रेंच फ्राइज खाल्लेल्या बाईचं मत काय असणार.

बसून जेवायचं हॉटेल होतं, टेबलावर मेणबत्ती, कापडी नॅपकिन. पोरसवदा वेट्रेसनं विचारलं, "ॲलर्जी आहे का प्रेफरन्स?" या दोन्हींतलं काहीच नाही, हे मला तिला सांगायचं होतं. माझ्या सासूबाई आहेत, असं सांगायचं होतं. पण त्याआधीच हे ताठ बसून म्हणाले, "ॲलर्जी. सिव्हिअर."

पोरगी पांढरी पडली आणि आत पळाली. पाच मिनिटांनी शेफ स्वतः बाहेर आला. सहा फूट उंची, उंच पांढरी टोपी, हातात जाडजूड फाइल. आमच्या टेबलापाशी आला आणि चक्क गुडघ्यावर बसला. आपल्याकडे आचारी बोलावल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि आला तर तोंडावर भाव असा की खायचं तर खा. हा तर डोळ्यांत काळजी घेऊन आलेला. राग काढावा तर माणूस चांगला निघाला, हे त्या रात्रीचं माझं पहिलं दुःख.

"कशाकशाची ॲलर्जी?" त्यानं पेन काढलं.

"चिकन," हे म्हणाले. त्यानं लिहिलं. "मटण." लिहिलं. "बीफ, पोर्क, फिश, प्रॉन्स..." तो लिहीत राहिला. मग थांबला. "कुठला प्राणी चालतो, तेच सांगा ना."

"कुठलाच नाही."

"ऑल ॲनिमल्स?"

"ऑल," हे म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता, तो मी ओळखला.

"बरं. दूध?"

"दूध चालतं. दही, तूप, लोणी, सगळं चालतं."

"म्हणजे गाईची ॲलर्जी आहे, पण गाईच्या दुधाची नाही?"

"गाईची नाही हो," हे एकदम कळवळून म्हणाले, "गाय तर आम्हाला..." आणि इंग्रजीत पुढे काय म्हणावं ते न सुचून त्यांनी हात जोडले. शेफनंही हात जोडले. मी पाणी प्यायले.

"अंडं?"

"नाही. पण केक चालतो." केकमध्ये अंडं असतं हे ह्यांना लेकीच्या पहिल्या वाढदिवसापासून माहीत आहे. फक्त कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा घरात नियम आहे.

शेफनं फाइल मिटली आणि आवाज खाली आणला. "साहेब, चुकून खाल्लंच, तर नेमकं काय होतं?"

असं आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे 'चालत नाही' म्हटलं की संपतं. हे माझ्याकडे बघायला लागले, मी मेणबत्तीकडे.

"त्रास होतो," हे म्हणाले.

"कुठे?"

ह्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांना म्हणायचं होतं मन. शेफनं लिहिलं, छाती.

"लक्षणं किती वेळात दिसतात?"

"पुढच्या जन्मी," मी मराठीत पुटपुटले.

"सॉरी?"

"लेट," ह्यांनी भाषांतर केलं. "व्हेरी लेट."

शेफचे डोळे चमकले. "गोचीड चावली होती का कधी?" मग त्यानं समजावून सांगितलं. इकडच्या दक्षिणेच्या राज्यांत एक गोचीड असते, ती चावली की काही लोकांना गाई-डुकराच्या मांसाची ॲलर्जी होते, आणि तिचा त्रास लगेच होत नाही, दोन ते सहा तासांनी होतो. अल्फा-गॅल म्हणतात. "पण त्यांना कोंबडी चालते, मासेही चालतात. तुमचं फारच पुढे गेलंय. घराण्यात कुणाला?"

"सगळ्यांना," हे म्हणाले. "वडील, आजोबा, पणजोबा."

"ओह, नो. मुलं?"

"एक मुलगी. तिलाही होतं. पण इकडे अमेरिकेला आली आणि बरी झाली."

"बरी झाली? कुठल्या उपचारानं?"

"लग्न झालं," मी म्हणाले.

त्यानं तेही लिहून घेतलं. उठताना त्यानं विचारलं, "एपिपेन जवळ आहे ना?" एपिपेन म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यावरचं इंजेक्शन. ह्यांनी तत्परतेनं खिशातलं पतसंस्थेचं बॉलपेन काढून त्याच्या हातावर ठेवलं. तो बराच वेळ त्या पेनाकडे बघत राहिला.

आणि तो गेल्यावर शेजारच्या टेबलावरची बाई उठून आली. तिच्याबरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, चष्मा लावलेला, कमरेला बारीक पिशवी बांधलेली. "मी ऐकलं," ती म्हणाली. "आम्ही समजू शकतो. याला शेंगदाण्याची आहे. मागच्या वर्षी एका बिस्किटापायी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली." मुलानं ह्यांच्याकडे मोठ्या माणसासारखं बघितलं आणि म्हणाला, "तुम्हाला सवय होईल."

माझा हात पर्सवर होता. पर्समध्ये पाव किलो सोलापुरी शेंगाचटणी होती.

चाळीस मिनिटांनी दोन ताटल्या आल्या. शेफनं वेगळी भांडी, वेगळी सुरी, वेगळी फळी वापरली होती, आणि जे जे संशयास्पद वाटलं ते ते काढून टाकलं होतं. त्याला मीठही संशयास्पद वाटलं असावं. उकडलेली ब्रोकोली, उकडलेलं गाजर, पांढरा भात. प्रत्येक भाताच्या ढिगात एक इवला झेंडा रोवलेला, त्यावर 'ॲलर्जी'. माणशी 27 डॉलर, म्हणजे तेवीसशे रुपये. तेवीसशे रुपयांत आमच्याकडे चारजण पोटभर जेवतात आणि वर मठ्ठा मागतात.

"चटणी काढ," हे दबक्या आवाजात म्हणाले.

मी डोळ्यांनीच शेजारी दाखवलं. तो मुलगा आमच्याकडेच बघत होता, आपल्यासारखं कुणीतरी भेटल्याच्या आनंदात.

"अगं, इथून तिथवर काय उडणार आहे?"

"नाही म्हटलं ना."

शेफ मुदपाकखान्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. बघत. आम्ही प्रत्येक घासाला हसून मान डोलावली आणि तो सगळा आळणी भात संपवला. एवढ्या मन लावून मी लग्नाच्या पंगतीत जेवले नव्हते.

रात्री झोप लागेना. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला एक जोडपं आलं होतं, रत्नागिरीकडचं, दोघंही शिक्षक. ह्यांनी चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही खाता का?" आपल्याकडे काय खाता असं विचारायचं नसतं, नुसतं खाता का. नवरा हसून म्हणाला, "मासे फक्त. तेही रविवारी." मग किती वेळा, वास कितीसा येतो, भांडी कुठे घासणार, अशी उलटतपासणी झाली. मी पोह्यांवर खोबरं घालत होते. नंतर फोन करू म्हणालो आणि केला नाही. त्यांना गुडघ्यावर बसून कुणी विचारलं नव्हतं, एवढाच फरक. हे घोरत होते, म्हणून ह्यांना काही बोलले नाही.

रविवारी आषाढी. सबंध सहलीत पोटभर जेवण त्या एकाच दिवशी झालं. केळी, सफरचंदं, द्राक्षं, भाजलेला बटाटा, खारे दाणे. उपासाचं सगळं या देशात सुटंच मिळतं, वर काही शिंपडलेलं नसतं. एकादशी आणि दुप्पट खाशी. जे देश उपासाला एवढे सोयीचे असतात ते इतर दिवशी असे का वागतात कोण जाणे.

एका राइडच्या रांगेत सत्तर मिनिटं उभे होतो. त्या वेळी आमच्या जिल्ह्यात, पंढरपुरात, लाखो लोक दर्शनबारीत उभे असणार. तिथे तासन् तास उभं राहावं लागतं, पण कुणीतरी येऊन चहा देतं, केळं देतं, खिचडीचा द्रोण हातात ठेवतं, आणि शेवटी विठोबाच्या पायावर डोकं टेकता येतं. इथे शेवटी तीन मिनिटांची नाव होती आणि त्यात भिजायचं होतं. मी दाण्यांची पुडी फोडली. चार दाणे तोंडात टाकले, आणि रांगेच्या वळणावर, साखळीच्या पलीकडे, चष्मा दिसला.

मी पुडी मिटली, पर्समध्ये कोंबली, हात साडीला पुसले, मग वाटलं पुसून काय उपयोग, म्हणून बाटलीतलं पाणी ओतून धुतले. मागच्या माणसाच्या बुटांवर पाणी गेलं. ह्यांच्या गालात अजून दाणे होते. "गिळा," मी म्हणाले.

रांग वळली आणि ते मायलेक आमच्यासमोर आले. "आज कसं वाटतंय?" त्या बाईनं ह्यांना अगदी मनापासून विचारलं.

ह्यांनी घाईनं गिळलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मुलाचा हात लगेच कमरेच्या पिशवीवर गेला.

"बरंय," हे छातीवर हात ठेवून म्हणाले. "सूज उतरली."