मानेआधी डोळे बघा
‘चक्कर आली की आधी मानेचा एक्स-रे’ हे तुमच्या चक्करेवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. सांगली-मिरजेकडे मानेला पट्टा लावून फिरणारे कितीतरी पेशंट दिसतात, आणि दोष असतो कानात! कूस बदलताना गरगरत असेल तर मान 45 अंश वळवून पेशंटला झटकन उताणं करायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबतं, डोळे उघडे. काही सेकंदांनी बुबुळं गोल फिरत वरच्या दिशेनं झटके देऊ लागली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर आतल्या कानातल्या, तोल सांभाळणाऱ्या मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत कानातलेच बारीक कण शिरलेत. एपलीची क्रिया, म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण नलिकेबाहेर काढणं, डॉक्टरांना तिथल्या तिथे करता येते. झटके सरळ खाली आणि न थांबणारे असतील तर मात्र मेंदूचा तपास, लगेच. चक्करेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्या हे झटके दाबून टाकतात.