यंदाची नाणी : संक्रांत ते गणपती

गणपती विसर्जन झालं, पितृपक्षात मी खरेदी करत नाही (आईचा नियम आहे, मोडायचा नाही), म्हणून काल रात्री कपाटातला डबा काढला आणि यावर्षी घेतलेली सगळी नाणी जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. चौदा. गेल्या वर्षी याच सुमाराला साठच्या वर झाली होती. पैसे म्हणाल तर जवळपास तेवढेच गेलेत, पण गेल्या वर्षीच्या साठातली अर्धी आज समोर ठेवली तर ती मी का घेतली होती हे मला सांगता येणार नाही, आणि या चौदातल्या प्रत्येकाबद्दल मी अर्धा तास बोलू शकतो.

फरक एवढाच की जानेवारीत एक नियम ठरवला, नाणं कुठून आलं हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घ्यायचं नाही. गाव, तालुका, निदान जिल्हा, किंवा कुठल्या जुन्या संग्रहातून आलं ते. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रदर्शनात दहा टेबलं फिरलो की नऊ ठिकाणी "अहो नाणं बघा ना, गावाचं काय करायचंय" हेच उत्तर येतं.

सगळ्यात आधी रुद्रसेन, कारण यंदाचं माझं सगळ्यात लाडकं नाणं तेच. फेब्रुवारीत एका निवृत्त शिक्षकांचा संग्रह त्यांच्या मुलीने विकायला काढला, सर दोन वर्षांपूर्वी गेले. मी बघायला गेलो तर ताईंनी नाणी एका ताटात काढून ठेवलेली आणि बाजूला खाकी पाकिटांचा ढीग. म्हणाल्या, "ही रिकामी पाकिटं टाकून देऊ का?" मी म्हटलं ताई, ती आधी द्या. प्रत्येक पाकिटावर सरांच्या अक्षरात कुठे घेतलं, कुणाकडून, कधी, वजन किती, सगळं. "संगमनेर, सोनाराकडून, १९७४" असं. आम्ही दोघं संध्याकाळी सातपासून साडेअकरापर्यंत बसून वजनकाटा घेऊन कुठलं नाणं कुठल्या पाकिटातलं ते जुळवत होतो, मध्ये त्यांनी पोहे केले. चार नाणी शेवटपर्यंत जुळली नाहीत, ती मी घेतली नाहीत.

तर रुद्रसेन दुसरा, पश्चिम क्षत्रपांचा (गुजरात-माळव्याकडे राज्य करणारे शक राजे). चांदीचं, करंगळीच्या नखाएवढं, दोन ग्रॅमच्या थोडं वर. एका बाजूला राजाचा मिशीवाला चेहरा, कडेने ग्रीक अक्षरं जी तोपर्यंत इतकी बिघडलेली की नुसती नक्षी राहिलीय, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नदीची वळवळीत रेघ, वर चंद्रकोर, आणि भोवती ब्राह्मीत "राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस". म्हणजे बापाचं नाव बापाच्या हुद्द्यासकट. बाप नुसता क्षत्रप होता, मुलगा महाक्षत्रप झाला, आणि हे त्याने नाण्यावर जसंच्या तसं लिहिलं. या लोकांची वंशावळ आपल्याला इतकी नीट कळते ती बरीचशी या सवयीमुळे, आणि दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्याच्या मागे शक वर्ष. जगात त्या काळी नाण्यावर इतक्या नियमाने साल टाकणारे फार कमी होते.

सरांच्या पाकिटावर लिहिलं होतं "श. १८_". एककाची जागा मोकळी. तिथे कडेला काळं किटण होतं. मी आठ दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं, रोज पाणी बदललं, बाकी काही लावलं नाही, मग टेबल लॅम्प आडवा धरून फोनवर फोटो काढून मोठा करून बघितला. त्या काळी शून्य नव्हतं नाण्यावर, स्थानाप्रमाणे किंमतही नाही, शंभराची वेगळी खूण, ऐंशीची वेगळी, सहाची वेगळी, अशा तीन खुणा ओळीने. १००, ८०, ६. शक १८६. त्यात ७८ मिळवले की इसवी सन २६४. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. सकाळी ताईंना फोन केला, त्या गप्पच झाल्या थोडा वेळ. पाकिटावर मी काही लिहिलं नाही, ते सरांचं आहे, ते तसंच दुसऱ्या मोठ्या पाकिटात घातलं आणि त्यावर पूर्ण साल लिहिलं.

त्याच संग्रहातून कृष्णराजाचा रूपक, म्हणजे चांदीचं नाणं, घेतला. कलचुरी कृष्णराज, सहाव्या शतकाचा मध्य. एकीकडे राजाचा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी. पूर्वी ही नाणी राष्ट्रकूट कृष्णराजाची समजायचे. माझं नाणं झिजलंय, पण त्या झिजण्याचंच मला कौतुक आहे, कारण नाशिकजवळच्या अंजनेरीला जे भोगशक्तीचे ताम्रपट सापडले, इसवी सन ७१० च्या आसपासचे, त्यात कृष्णराज रूपकांचा उल्लेख आहे. म्हणजे राजा जाऊन सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी व्यवहार त्याच्या नाण्यांत बोलला जात होता. पाकिटावर सरांनी "त्र्यंबक" लिहिलंय. अंजनेरी तिथून हाकेच्या अंतरावर. नुसतं "कृष्णराज, चांदी, व्हीएफ" (व्हीएफ म्हणजे नाण्याची प्रत) लिहिलेल्या फ्लिपमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात, हेच नाणं मिळालं असतं तर माझ्यासाठी ते एक झिजलेलं नाणं राहिलं असतं.

बहमनी तांब्याची सहा एका लॉटमध्ये घेतली, स्वस्तात, बिदरकडची, त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन, अजून दोनच नीट वाचून झालीत.

आता एक कबुली. जूनमध्ये नियम मोडला. नहपान या शक क्षत्रप राजाच्या नाण्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने परत छाप मारलेलं नाणं एका प्रदर्शनात समोर आलं आणि विकणारा म्हणाला "जुन्या कलेक्शनमधलं आहे", कुठल्या ते सांगेना, आणि मी ४,२०० रुपये काढून दिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा हंडा सापडला, सुमारे १३,२५० नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० च्या वर नाण्यांवर सातकर्णीने आपला डोंगर आणि उज्जैन चिन्ह (फुलीच्या टोकांना चार वर्तुळं) ठोकलेलं. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने, म्हणजे याच सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निःशेष केला असं लिहिलंय, आणि हा हंडा म्हणजे त्या वाक्याचा चांदीतला पुरावा. शत्रूची नाणी वितळवत बसला नाही, त्याच्या चेहऱ्यावरच आपली मोहर मारली आणि परत बाजारात सोडली. माझ्या नाण्यात डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक आणि कान अजून दिसतात, आणि कडेला "नहप" एवढी अक्षरं वाचता येतात. बोट फिरवलं की दोन्ही राजे बोटाला लागतात. मी हे नाणं परत करणार नाही. पण ते कुठलं हे मला माहीत नाही, पाकिटावर त्या ओळीत रेघ मारलीय, आणि ती रेघ मला दर वेळी टोचते.

आता ज्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली ते. ऑगस्टमध्ये एका प्रदर्शनाच्या बाहेर पार्किंगमध्ये एक जण प्लॅस्टिकच्या पिशवीत पोटीनची सातवाहन नाणी घेऊन उभा होता. पोटीन म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेला धातू. हत्ती, सोंड वर, मागे उज्जैन चिन्ह. दोनशे-अडीचशे तरी असतील, माती अजून ओली. म्हणाला नांगरताना मडकं निघालं, चाळीस रुपयाला एक. मी विचारलं कुठल्या गावाला, तर पिशवी बंद केली. मी म्हटलं दादा, विकू नका म्हणत नाही, पण हे आधी कलेक्टर ऑफिसला कळवा, तर तो हसला आणि पुढच्या माणसाकडे गेला. संध्याकाळपर्यंत पिशवी संपली होती. दुसऱ्या दिवशी त्यातलीच काही आत टेबलावर होती, चिंच-लिंबाने घासून पिवळी केलेली, अक्षरंही गेलेली.

हे का लागलं ते सांगतो. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळ्याला, तेव्हा अकोला जिल्हा, आताचा वाशिम, असाच पोटीन नाण्यांचा साठा निघाला, सुमारे १,६००. तो एकत्र राहिला, संशोधक वा. वि. मिराशींच्या हातात गेला, त्यांनी एक एक नाणं वाचलं, आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे राजे समोर आले जे पुराणांच्या यादीतच नाहीत. आपल्या महाराष्ट्रावर राज्य केलेले राजे, त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती, आणि ती कळली फक्त या साध्या, कुरूप दिसणाऱ्या, आज दोनशे रुपयाला मिळणाऱ्या नाण्यांवरून. त्या पार्किंगमधल्या पिशवीत कोण होतं? असेल एखादं नाव. आता ते चाळीस घरांत चाळीस डब्यांत गेलं, गावाशिवाय, सोबतच्या नाण्यांशिवाय, आणि घासून.

शेतकऱ्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. कायदा बघा. निखात निधीचा कायदा १८७८ चा, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. आणि सरकारने ते घेतलं तर मोबदला काय, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग. सोन्याचं ठीक आहे. पोटीनच्या नाण्यात धातू कितीचा? भंगाराचा. मग कोण कळवणार, वर पोलिसांची भीती, शेत खणून टाकतील ही भीती. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याने बाजारभावाने मोबदला देतात आणि सापडल्या जागेची नोंद ठेवायची वेगळी व्यवस्था केलीय, तिथे शेतात सापडलेली साधी साधी नाणीही लोक आपण होऊन दाखवायला नेतात. ज्यांनी १८७८ चा कायदा आपल्याला दिला त्यांनी स्वतःकडचा बदलला, आपण तोच चालवतोय. हा बदलला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि यासाठी आमदार-खासदारांना पत्रं लिहिणारे संग्राहक मला अजून भेटायचेत, मी स्वतः यंदा लिहिलंय.

आणि दुसरा दोष आमचा, विकत घेणाऱ्यांचा. ओल्या मातीचं नाणं आपण घेतो म्हणून ते फुटकळ विकलं जातं. मी पण घेतलीत, दहा-बारा वर्षांपूर्वी, नेवाशाकडची म्हणून एकाने दिलेली तीस एक नाणी, एका मडक्यातली, आणि मी त्यातली चांगली आठ ठेवून बाकी विकून टाकली. तेव्हा कळत नव्हतं हे खरं, पण ती तीस आज एकत्र हवी होती.

उरलेल्या वर्षात फार काही घेणार नाही. दिवाळीनंतर मिळालं तर शिलाहार छित्तराजाचं गधैया पद्धतीचं (राजाचा ओबडधोबड चेहरा असलेलं) नाणं शोधतोय, उत्तर कोकणातलं, नावासकट, पण घाई नाही. वेळ घालवणार तो जुन्या नाण्यांची पाकिटं करण्यात. गेल्या पंधरा वर्षांत घेतलेल्या प्रत्येक नाण्यासाठी ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत फोन करतोय, काहींना आठवतं, काही रागावतात, एका काकांनी नव्वदीत असूनही गावाचं नाव, साल आणि वाटेतला ओढासुद्धा सांगितला.

तुमच्या घरी देवघरात, आजीच्या डब्यात, जुन्या ट्रंकेत अशी नाणी असतील तर घासू नका, ब्रासो तर अजिबात नाही, आणि विकायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसांना ती कुठून आली ते विचारून कागदावर लिहून ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटो आणि वजन मला मेसेंजरवर पाठवा, जमेल तसं वाचून देईन, विकत मागणार नाही. क्षत्रपांचं असेल तर चेहऱ्यामागचा भाग जवळून काढा, दिवा आडवा धरून.