‘गटारांचं कौतुक’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

अर्जेंटिनातल्या मेंदोसा शहरावरच्या माझ्या लेखावर ‘पांथस्थ’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : लेख घरबसल्या नकाशा समोर ठेवून लिहिल्यासारखा वाटतो; लोकसंख्येचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; स्पेनच्या सत्तेविरुद्ध लढलेल्या सान मार्तीनसारख्या मुक्तिदात्याला दोनच ओळी दिल्या आहेत; आकोंकाग्वा हे शिखर शहरातून दिसत नाही; नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांचा विचार केलेला नाही; आणि शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत : ‘मी स्वतः तिथे दोन दिवस राहून आलोय, रस्त्याकडेच्या उघड्या गटारांचं इतकं कौतुक पहिल्यांदाच वाचलं.’

आकोंकाग्वाचं आपलं म्हणणं बरोबर आहे. शिखर 6,961 मीटर उंच असलं तरी शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत आहे आणि अलीकडच्या रांगा त्याला झाकतात. शहरातून जो बर्फाचा कणा दिसतो तो कोर्दोन देल प्लाता या रांगेचा. चूक माझी, वाक्य आजच दुरुस्त केलं आहे. चूक दाखवली की मी ती मान्य करते, हे इथले जुने वाचक जाणतात.

पण ‘गटार’ हा शब्द मी सोडणार नाही. चूक दाखवणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. हे वाक्य लिहिताना आपण नेमकं काय पाहिलं होतं?

मेंदोसात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्या पावसावर तिथे काटेरी झुडपं येतात, बाकी काही नाही. तरीही शहरात रस्त्यामागून रस्ते चिनार, तुती आणि आपल्याकडच्या बकाणा निंबाच्या सावलीत बुडालेले असतात. त्यातलं एकही झाड रानातून आपोआप उगवलेलं नाही. पदपथ आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी वाहणारा जो उघडा पाट आहे, ज्याला तिथे आसेकिया म्हणतात, त्याच्या पाण्यावर ती झाडं उभी आहेत. उन्हाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला तर त्याचं पाणीही हेच पाट वाहून नेतात. लोक त्यात प्लास्टिक टाकतात, ते अडकतं, हेही मी पाहिलं आहे. पण आपल्याकडच्या कालव्यांतही लोक काय काय टाकतात. म्हणून त्या कालव्याला कुणी गटार म्हणत नाही.

आणि हे पाट स्पॅनिश माणसाची कर्तबगारी नव्हेत. पेद्रो देल कास्तियो या स्पॅनिश माणसाने 2 मार्च 1561 रोजी शहर वसवलं, ते तिथल्या मूळच्या उआर्पे लोकांनी आधीच ओलिताखाली आणलेल्या जमिनीवर. आंदीज पर्वतावरचा बर्फ वितळून आलेलं पाणी उतारावरून वळवायचं कसं, हे ते लोक जाणत होते. शहरातून जाणाऱ्या मोठ्या कालव्याला आजही त्यांच्याच एका प्रमुखाचं, ग्वायमाय्येनचं, नाव आहे. साडेचारशे वर्षं वसाहतवाल्यांना पोसलेल्या या कामाला तुम्ही एका शब्दात मोरीत नेऊन बसवता, आणि वर घरबसल्या लिहिल्याचा ठपका माझ्यावर!

मग मीही सांगते मी कुठून आले. मी साक्री तालुक्यातली, पांझरेच्या काठची. आमच्याकडे फड पद्धत होती : नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड म्हणजे शेतांचे गट, आणि कुणाच्या फडाला कधी पाणी ते ठरवायला गावानेच नेमलेला पाटकरी. माझे आजोबा पाटकरी होते. रात्री दोन वाजता कंदील घेऊन शेतात पाण्याची दारं धरायला जाणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत. एक पाळी चुकली की कांदा जातो, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2016 साली ठिबक सिंचनाच्या कामासाठी मी पाच महिने मेंदोसात होते. तिथे पाण्याच्या पाळ्या सांभाळणाऱ्या माणसाला तोमेरो म्हणतात. पहिल्यांदा त्याचं काम पाहिलं तेव्हा मला आजोबाच आठवले.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ सांगते. कोलोन रस्त्यावरचा पाट दुपारभर कोरडा होता, तळाशी चिनाराची पानं आणि एक फुटका चेंडू. पालिकेचा माणूस आला, त्याने कोपऱ्यावरची फळी वर ओढली. आधी आवाज आला, मग पानं हलली, मग मातकट पाण्याची एक जीभ चेंडूला ढकलत पुढे सरकली. मी कडेला बसून हात घातला. बाहेर पस्तीस अंश, आणि पाणी बोटं बधिर करणारं. त्याला गटाराचा वास नव्हता, ओल्या मातीचा होता.

20 मार्च 1861 च्या रात्री भूकंपाने हे शहर जमीनदोस्त केलं. तीनशे वर्षं पूर्ण होऊन अठराच दिवस झाले होते. कच्च्या विटांची घरं अरुंद गल्ल्यांवर कोसळली आणि हजारो माणसं दबली. नवं शहर थोडं बाजूला आखलं गेलं. ते बालोफे या फ्रेंच भूमापकाने. रस्ते मुद्दाम रुंद, मध्यभागी मोठा चौक आणि त्याच्या चार कोपऱ्यांकडे चार लहान चौक, म्हणजे घर पडलं तर पळून उभं राहायला जागा. इतके रुंद रस्ते वाळवंटाच्या उन्हात सावलीशिवाय कसे चालणार? म्हणून झाडं, आणि झाडांसाठी पाट. लेखात मी हेच सांगत होते. आपण तो परिच्छेद वाचला होता का, अशी शंका मला येते.

1884 च्या कायद्याने तिथे पाण्याचा हक्क जमिनीला जोडला. जमीन ठेवून नुसतं पाणी विकता येत नाही. 2019 च्या डिसेंबरात पाणी जपण्यासाठी खाणींवर घातलेले निर्बंध उठवायला निघालेल्या सरकारविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर आले, ते याच पाण्यासाठी, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. गटारासाठी कुणी असं रस्त्यावर उतरत नाही.

बाकीचं पटकन. आकडे दोन्ही बरोबर आहेत : 2010 च्या जनगणनेत मूळ शहराच्या हद्दीत सुमारे 1 लाख 15 हजार, आणि भोवतालची उपनगरं धरून 9 लाख 37 हजारांच्या आसपास. तसं मी लिहिलं होतं. सान मार्तीनने 1817 च्या जानेवारीत इथूनच सैन्य आंदीजपार नेलं हे सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून दोन ओळी. खालच्या अंगाचं म्हणाल तर, वर पाणी उचललं गेल्याने खाली असलेली ग्वानाकाचेची सरोवरं आटली हे खरं आहे, पण लेख शहरावर होता आणि तो विषय वेगळा आहे.

एक मात्र नक्की कळवा : तुम्ही ते दोन दिवस कोणत्या महिन्यात होतात? जून-जुलैत गेला असाल, तर तेव्हा साफसफाईसाठी पाणी बंद करतात आणि पाट कोरडे पडलेले असतात.