सदाफुलीची पानं आणि ‘तिप्पट विष’

रविवारी कोथरूडला मावशीकडे गेले तर बाल्कनीतली सदाफुली बोडकी. फुलं होती, पानं शेंड्याला चार-दोन. विचारलं तर मावशीनं आधी चहाचं काढलं, मग गुपचूप फोन पुढे केला. भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज, वर दोन बाण, म्हणजे कुठून कुठून फिरून आलेला.

त्यात होतं ते असं: केमोची दोन-तीन औषधं एकदम देतात ती बिल फुगवायला, त्यानं तिप्पट विष अंगात जातं, खरं तर एकच पुरतं. तसंही केमोचा उपयोग शंभरात दोघांनाच. त्यापेक्षा रोज उपाशीपोटी सदाफुलीची पाच पानं चावून खा. आणि केमोनंतर ताप आला तर घाबरू नका, ते विष बाहेर पडतंय.

स्तनाच्या कर्करोगासाठी मावशीची केमोची तिसरी सायकल, म्हणजे फेरी, होऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. “पुढच्या वेळी एकच द्या म्हणून डॉक्टरांना सांगू का गं?”

20 वर्षं औषधाच्या दुकानात बसतेय. क्षयाच्या रुग्णाला सुरुवातीचे दोन महिने चार औषधं एकत्र देतात, त्याला कुणी तिप्पट-चौपट विष म्हटल्याचं ऐकलं नाही. एकच दिलं तर त्याला दाद न देणारे जे थोडे जंतू असतात ते मागे उरतात आणि तेच माजतात. कर्करोगाच्या पेशींचंही तसंच. 1940 च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना एकच औषध देऊन पाहिलं. मुलं सुधारली आणि काही महिन्यांत आजार परतला. 1960 च्या दशकात औषधं एकत्र द्यायला लागल्यावर तो टिकून बरा व्हायला लागला. मावशीच्या आजाराचं म्हणाल तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली 123 चाचण्यांमधल्या सुमारे 1 लाख बायकांचा एकत्र हिशोब आला. लवकर सापडलेल्या स्तनाच्या कर्करोगात एकत्रित केमोच्या चांगल्या पद्धतींनी त्या आजारानं होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी झाले. पुढचं बोलणं या हिशोबाशी करा.

बिलाचं म्हणाल तर मावशीला मिळणारी डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन्ही जुनी औषधं आहेत, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली. बिल फुगवायला कुणी ही निवडणार नाही.

आता नाइलाजानं कबूल करायचं ते. ही दोन एकत्र दिली की मळमळ एकेकट्यापेक्षा जास्त होते, इतकी की या जोडीला सर्वांत जास्त उलट्या करणाऱ्या वर्गात धरतात. म्हणून तर आधी तीन-चार औषधं उलटीवरची देतात. रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दोन्ही मिळून खाली आणतात. आणि आजार शरीरभर पसरलेला असेल तर पुष्कळदा डॉक्टर स्वतःच एका वेळी एकच औषध देतात, कारण तिथे त्रास वाढतो, आयुष्य त्या मानानं वाढत नाही. म्हणजे ‘एकच पुरतं’ हे काहींच्या बाबतीत खरं. मावशीच्या नाही, तिचा आजार लवकर सापडलाय.

‘शंभरात दोघं’ हा आकडा 2004 च्या एका ऑस्ट्रेलियन लेखातून उचललाय. त्यात ज्यांना केमो लागतच नाही असे रुग्णही भागाकारात धरलेत आणि रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) वगळलाय. पुढे.

सदाफुली. इथे माझा संयम सुटतो. ‘केमिकल नको, निसर्ग हवा’ म्हणणाऱ्याला हे माहीत नाही की विन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सदाफुलीतूनच निघतं. मणभर पाल्यातून चिमूटभर, शुद्ध करून, मिलिग्रॅम मोजून, फक्त शिरेतून. पानात किती आहे, पोटातून किती गेलं, कुणाला ठाऊक? 1950 च्या दशकात कॅनडात जमैकाहून ही पानं आली होती, मधुमेहावर गुणकारी म्हणून. उंदरांना अर्क टोचला. साखर काही उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र कोसळल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. त्यातूनच विनब्लास्टिन हे केमोचं औषध सापडलं. आणि माझी मावशी, जिचे पांढऱ्या पेशींचे काउंट आधीच खाली, तीच पानं उपाशीपोटी चावत होती.

याच बाईला मेसेज सांगतो, ताप आला तर घाबरू नका. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे थेट दवाखाना, रात्री दोन वाजले असले तरी. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू व्हायला लागतं, तासाभरात झालं तर उत्तम. परस्पर पॅरासिटामॉल घेतली की ताप दबतो, संसर्ग दबत नाही. दुकानात मी स्वतः दोघांना गोळी न देता रिक्षात बसवून दिलंय.

मावशीचा ताप त्या दिवशी 98.2 निघाला. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना पानांचं सांगितलं, बोलणी खाल्ली, रक्त तपासून आली. फ्रिजवर आता वॉर्डचा नंबर चिकटवलाय, शेजारी दोऱ्यानं थर्मामीटर. 

हे सगळं थोडक्यात भिशीच्या ग्रुपवरही टाकलं. हात जोडलेले चार आले, आणि एका काकूंचा प्रश्न: “पांढऱ्या फुलाची असेल तर चालेल का?”