रमन्ना खून का करतो, असं विचारणाऱ्यांसाठी

(पोस्ट लांब आहे आणि स्पॉयलर भरपूर आहेत. सिनेमा २०१६चा आहे, त्यामुळे कुरकुर चालणार नाही.)

अनुराग कश्यपच्या ‘रमन राघव २.०’चा विषय कुठेही निघाला (त्यात नवाजुद्दीन सिद्दिकी रमन्ना नावाचा खुनी झालाय) की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘नवाज जबरदस्त!’ आणि त्याला जोडूनच दुसरं, ‘पण तो मारतो का, तेच कळत नाही राव.’ परवा आमच्या सिनेमावाल्या ग्रुपवर पुन्हा तेच झालं. एकाने पहिल्यांदाच बघितला आणि रात्री साडेबाराला लिहिलं, ‘अभिनय दहापैकी दहा, कथा दहापैकी चार, कारण मोटिव्हच नाही.’ सकाळी उठून बघतो तर त्यावर सव्वाशे मेसेज.

समीक्षकांचंही तेव्हा फार वेगळं नव्हतं. नवाजुद्दीनबद्दल सगळ्यांचं एकमत आणि बाकीच्या सिनेमाबद्दल मतमतांतरं. कुणाला प्रकरणं पाडून सांगायची पद्धत आवडली, कुणाला ती उगीचची स्टाइल वाटली. पण त्यातली बरीच परीक्षणं सिनेमापेक्षा दिग्दर्शकाचीच होती असं मला वाटतं. आदल्या वर्षी कश्यपचा ‘बॉम्बे वेल्व्हेट’ आपटला होता. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’च्या निर्मात्यांपैकी एक म्हणून अनुराग कश्यप सेन्सॉरशी हायकोर्टात भांडत होता. तो सिनेमा १७ जूनला आला आणि लगेच पुढच्या शुक्रवारी, २४ जूनला, हा. त्याआधी मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या वेळी ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवून झाला होता. मग काय, ‘कश्यप परतला का?’ याच प्रश्नाचं उत्तर जो तो लिहीत बसला. पडद्यावर काय चाललंय ते राहिलंच.

आणि पडद्यावर काय चाललंय हे प्रेक्षकांनाही नीट आठवत नाही, ही गंमत आहे. ‘फार रक्तपात आहे, घरच्यांसोबत बघू नका’ हे मी कितीदा ऐकलंय. घरच्यांसोबत बघू नका हे खरंच. पण पुन्हा लावून बघा, बरेचसे खून कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होतात. रमन्नाच्या बहिणीच्या घरचा प्रसंग घ्या. कित्येक वर्षांनी भाऊ दारात उभा. तो येऊन बसतो, बोलतो, घरातली माणसं त्याच्याभोवती वावरतात, आणि बहीण झालेल्या अमृता सुभाषच्या चेहऱ्यावर पाहुणचार आणि भीती एकाच वेळी दिसतात. भावाला नीघ म्हणायची सोय नाही, आणि बस म्हणायची हिंमत नाही. त्या घरात पुढे काय होणार हे आपल्याला कळून चुकलेलं असतं, तरी तो प्रसंग संपत नाही. लोकांना जे रक्त आठवतं ते त्या वाट बघण्यातलं आहे. नवाजची तारीफ करताना या बाईचं नाव घ्यायला विसरतात, हे मला अजून खटकतं.

आता मोटिव्हचं. सिनेमा सुरुवातीलाच साठच्या दशकातल्या खऱ्या रमन राघवबद्दल सांगतो आणि मग बजावतो की हा सिनेमा त्याच्यावर नाही. ठीक आहे, पण खऱ्याची गोष्ट माहीत असली तर ‘का?’ हा प्रश्न जरा वेगळा दिसतो. मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपडपट्टीत झोपलेल्या माणसांची डोकी फोडणारा हा माणूस २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरीत सापडला. सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला ओळखलं, तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. आधी तो तोंडच उघडेना. काही हवंय का विचारल्यावर म्हणाला, मुर्गी. मुर्गी खाऊन झाल्यावर आणखी मुर्गी. मग केसांना तेल, कंगवा, आरसा. भांग पाडून झाल्यावर बोलायला लागला आणि चाळीसहून जास्त खून कबूल केले.

त्या काळात उकाड्यातही दारं-खिडक्या लावून झोपायचे, असं आमची घाटकोपरची आत्या सांगायची. तिच्या तोंडी त्याचं नाव कधी आलं नाही, ‘तो’ एवढंच.

आणि ‘का?’चं उत्तर? पोलीस सर्जनने त्याला जवळजवळ महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून सांगितलं की हा वेडा नाही. खटला चालला, फाशीची शिक्षा झाली. मग ती कायम करण्याआधी हायकोर्टाने तीन मनोविकारतज्ज्ञांना त्याला तपासायला लावलं. त्यांनी सांगितलं, स्किझोफ्रेनिया, जुनाट. हा माणूस त्यांना सांगत होता की जगं दोन आहेत, एक हे आणि एक ‘कानून’चं, आणि तो त्या कानूनचा प्रतिनिधी आहे. फाशीची जन्मठेप झाली, आणि १९९५ मध्ये तो पुण्यात ससून रुग्णालयात किडनीच्या आजाराने गेला. आजाराला नाव मिळालं. पण त्या रात्री त्या झोपडीतलीच माणसं का, शेजारच्या का नाहीत, हे त्याने कळतं का? (आणि हेही सांगून ठेवतो, स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं कुणाच्या वाटेला जात नाहीत. ग्रुपवर लगेच ‘असले लोक’ सुरू झालं होतं.)

म्हणून रमन्नाला लहानपणीची एखादी जखम चिकटवून, फ्लॅशबॅकमध्ये रडवून मोकळं न होणं मला दिग्दर्शकाची चूक वाटत नाही. सिनेमात दम आहे तो त्यामुळेच आहे. स्वतःला देवाचा सीसीटीव्ही समजणारा माणूस समोर बसून शांतपणे बोलतो आणि आपल्याला त्याच्या बोलण्यात धरायला कुठे कडाच सापडत नाही.

उलट सिनेमा ढिला पडतो तो जिथे कारण दिलंय तिथे. रमन्नाच्या मागावर असलेला पोलीस, विकी कौशलचा एसीपी राघव. कोकेन, झोप नाही, वर बाप धाक दाखवणारा. झालं, हिशेब पूर्ण. बाप पडद्यावर आला की त्या क्षणी राघवमधलं गूढ संपतं आणि मग तो काळा गॉगल लावून फिरणारा एक चिडका माणूस उरतो. विकीने जीव तोडून काम केलंय, दोष लिखाणाचा आहे. राघवच्या मैत्रिणीचं, शोभिता धुलिपालाच्या सिमीचं, तर आणखी वाईट. तिचा हा पहिला सिनेमा, पडद्यावर दिसते तेव्हा नजर तिच्यावर जाते, पण कथेत तिचं काम एवढंच की तिच्यावर राघव किती बिघडलाय ते दाखवायचं. यावर ज्यांनी टीका केली त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

‘खुन्याला हिरो केलं’ हा आरोप मात्र पटत नाही. रमन्नाच्या वाक्यांचे रील्स करून त्याखाली ढिशक्याव संगीत लावणारे आपले लोक आहेत. सिनेमात तो मळका, भुकेला, उकिरड्याच्या कडेने चालणारा माणूस आहे. शेवटी तो राघवला ‘तू माझाच’ असं जे सांगतो, त्यात वर्दीची जी वाट लागते ती बघून हिरोगिरी कुणाला सुचत असेल तर धन्य आहे.

श्रीराम राघवनने १९९१ मध्ये याच माणसावर तासाभराचा सिनेमा केला होता, रघुवीर यादवला घेऊन. जमलं तर आधी तो बघा. रघुवीर यादव आणि नवाज यांच्यात सरस कोण यावर कमेंटमध्ये खुशाल भांडा, माझं मत रघुवीर यादवला. फक्त ‘स्लो आहे’ एवढंच लिहून पळू नका, कुठे कंटाळलात तो सीन सांगा.