खोक्याला पोट सुटतं तेव्हा

परदेशातल्या मराठी माणसाला दिवाळीत चिवडा लागतो. विमानानं पाठवला तर चिवड्यापेक्षा भाडं जास्त, म्हणून तो जहाजानं जातो, आणि जहाजानं जायचं म्हणजे श्रावण-भाद्रपदातच निघायला हवं. त्यामुळे गणपती यायच्या सुमारास आमच्या भिवंडीच्या गोदामात फराळाच्या खोक्यांच्या थप्प्या लागतात आणि त्या पॅलेटवर नीट बसवून घेण्याचा मला पगार मिळतो. नातेवाइकांना हे सांगितलं की विचारतात, ‘‘म्हणजे खोक्यावर खोका ठेवायचा, एवढंच ना?’’ मी मान डोलावतो. वाद घालायचा तर पॅलेट सोबत न्यावं लागेल.

पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टचे दात आत घुसावेत म्हणून केलेला लाकडी पाट. आमचा १२०० बाय १००० मिलिमीटरचा. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून त्याला गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं शेकतात आणि वर ओंबीचा शिक्का मारतात. शिक्का बसला की पॅलेट परदेशी जायला मोकळं. मुलाखती, बँकेचे कागद, काही नाही.

आमचा खोका ४०० बाय ३००, उंचीही ३००. ४०० खोल अशी एक ओळ, तीत चार खोके. मग ३०० खोल अशा दोन ओळी, प्रत्येकीत तीन. ४००, ३००, ३०० मिळून बरोबर १०००. चार, तीन, तीन मिळून दहा. बोट घालायलाही फट उरत नाही. हे चित्र मी घरी कौतुकानं दाखवलं. बायको म्हणाली, ‘‘छान बसवलंय. आता माळ्यावरचं बघा.’’

पण चित्रातला खोका रिकामा असतो. खऱ्या खोक्यात चिवड्याची पाकिटं असतात, पाकिटांत हवा असते, आणि वरून टेप मारली की चाळिशीतल्या गृहस्थासारखं खोक्याला पोट सुटतं. या कुशीला पाच मिलिमीटर, त्या कुशीला पाच. ४००चे ४१० झाले, ३००चे ३१०. आता ४१०, ३१०, ३१० मिळून १०३०, आणि पॅलेट तर १००० वर ठाम. नव्यानं हिशोब केला तर थरात बसतात आठ! सेंटिमीटरभर पोट सुटलं आणि दोन खोके घरी बसले. क्षेत्रफळ बघितलं तर नऊ मावायला हवेत, पण नववा कसाही फिरवा, बसत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे कापून एक अख्खी दुपार मी त्यात घालवली आहे.

आमच्या मुकादमांना, तात्यांना, हे मान्य नाही. ‘‘साहेब, दहाच बसणार.’’ आणि बसवतातही. कडेचे खोके दीड-दोन सेंटिमीटर बाहेर लोंबतात, एवढंच. ‘‘बोटभर बाहेर आलं तर काय आभाळ कोसळतंय?’’ आभाळ नाही, वरचे पाच थर कोसळतात. पुठ्ठ्याचा खोका वजन पेलतो ते मुख्यतः कोपऱ्यांवर आणि उभ्या भिंतींवर. भिंत पॅलेटबाहेर अधांतरी राहिली की तळचा खोका गुडघे टेकतो, आणि इथून पोह्यांचा निघालेला चिवडा तिकडे पिठाचा पोहोचतो.

दुसरं भांडण सांधेमोडीचं. गवंडी विटा रचतो तसे खोके रचले की ढीग हलत नाही, हे तात्यांचं म्हणणं खरं आहे. पण मग वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मधोमध येतो, जिथे आत फक्त चिवडा असतो. ताकद कधीकधी निम्म्यावर येते. कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर ताकद टिकते, पण फोर्कलिफ्ट वळताना थप्पी डुलते. शेवटी खालचे चार थर माझे, वरचे दोन तात्यांचे, आणि सगळ्याला बाहेरून स्ट्रेच रॅपचे वेढे, असा तह झाला.

मध्यंतरी ऑफिसनं सॉफ्टवेअर आणलं. शिकवायला आलेला मुलगा हुशार होता. वेगवेगळ्या मापांचे खोके असले की सर्वात चांगली मांडणी हमखास आणि झटपट शोधून देणारी रीत अजून कुणाला सापडलेली नाही, हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणून मोठे आधी घ्यायचे आणि पहिल्यांदा मावेल तिथे टाकत जायचं. या रीतीनं फार तर किती वाया जातं, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्सन यांनी १९७३ साली सिद्ध केलं: नऊ पेट्यांत मावणाऱ्या मालाला साधारण अकरा. तीही हमी एकाच मापाच्या, म्हणजे नुसत्या लांबीच्या किंवा वजनाच्या हिशोबापुरती. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘‘मोठे आधी घ्यायचे हे सांगायला एवढ्या लांबून आलास?’’ म्हणाले आणि त्याला चहा पाजला.

मग गिऱ्हाइकाच्या अटी. प्रत्येक खोक्याचं लेबल बाहेरून दिसलं पाहिजे. आठाच्या मांडणीत एक खोका चारही बाजूंनी वेढला जातो. त्याचं लेबल दिसण्यासाठी तो काढला तर राहिले सात, आणि मधोमध विहीर. त्यावर बरेच ईमेल झाले.

ऑर्डर मात्र नेहमी गोल आकड्यात: एक हजार. थरात आठ, सहा थर, पॅलेटवर ४८. चाळीस फुटी कंटेनरमध्ये वीस पॅलेट सहज जातात. झाले ९६०. उरलेले चाळीस खोके माझ्याकडे बघत उभे. तात्यांनी सातवा थर सुचवला. पॅलेटसकट उंची झाली सव्वादोन मीटर, दार साधारण २.२८ मीटर. मधल्या तीन सेंटिमीटरांत फोर्कलिफ्टनं पॅलेट उचलायचं, पुढे न्यायचं आणि वर काही घासू द्यायचं नाही. ड्रायव्हरनं फोर्कलिफ्टची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

अखेर पॅलेट उभी-आडवी फिरवून दाराशी एकविसावं घुसवलं. त्यावर पाच थर, बरोबर चाळीस खोके. फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला, सील लावायला घेतलं, तेवढ्यात उत्तर आलं: शेवटच्या पॅलेटवर एका थराची जागा रिकामी दिसतेय, तिथे आठ खोके चकलीचे बसतील ना?

चकलीच्या खोक्याचं माप वेगळं आहे.